अमेरिकेत निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालणारा सुटतो, तो नेमका कुठे?

तुमचा प्रश्न असा: वसाहतीतल्या पहारेकऱ्याने मारलेल्या ट्रेव्हॉन मार्टिनजवळ शस्त्र नव्हतं, पोलिसाने मारलेल्या टामिर राइसच्या प्रकरणात तर व्हिडिओही होता, तरी कुणालाच शिक्षा झाली नाही, हे होतं कसं, न्यायाधीशच वर्णद्वेषी असतात का?

न्यायाधीशांच्या मनात काय असतं ते बाजूला ठेवा. त्यांच्या मनात काहीही नसलं तरी निकाल बहुतेक वेळा हाच लागेल, कारण कोर्टापुढचा प्रश्नच वेगळा असतो. आपण विचारतो, मुलाकडे शस्त्र होतं का? कायदा विचारतो, गोळी घालणाऱ्याला भीती वाटणं वाजवी होतं का? मेलेल्याच्या खिशात काय निघालं यापेक्षा त्या खिशात काय असेल असं मारणाऱ्याला वाटलं, याला तिथे जास्त वजन आहे. आणि कुणाला बघून भीती वाटावी, हे त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या कातडीच्या रंगावरून ठरत आलेलं आहे. वर्णभेद खटल्यात शिरतो तो या 'वाजवी' शब्दातून.

पण सुरुवात गोळीपासून करू नका, थांबवण्यापासून करा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८ च्या टेरी निकालाने पोलिसांना मुभा दिली की अटकेपुरता पुरावा नसला तरी 'वाजवी संशय' असेल तर माणसाला रस्त्यात थांबवा, शस्त्राची शंका असेल तर कपड्यांवरून चाचपा. त्याच न्यायालयाच्या १९९६ च्या व्रेन निकालाने पुढचं दार उघडलं: वाहतुकीचा एखादा नियम मोडलेला असला की गाडी का थांबवली, खरा हेतू काय होता, हे झडतीच्या वैधतेसाठी विचारायचंच नाही. मागचा दिवा बंद, लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही, एवढं पुरतं. वाहतुकीचे नियम इतके आहेत की थोडा वेळ मागे लागलं तर कुणीही कशात तरी सापडतो. मग थांबवायचं कुणाला, हे राहतं पोलिसाच्या मर्जीवर. रंगावरून थांबवलं अशी तक्रार राज्यघटनेतल्या समानतेच्या कलमाखाली करता येते, पण तिथे भेदभावाचा हेतू तुम्हाला सिद्ध करावा लागतो.

हे कागदावर कसं उतरतं ते न्यूयॉर्कमध्ये दिसलं. तिथे थांबवलेल्या प्रत्येकामागे 'यूएफ-२५०' नावाचा फॉर्म भरायचा असे. कारणांसाठी छापील चौकोन, त्यावर खूण करायची. त्यात एक चौकोन 'चोरट्या हालचाली', दुसरा 'गुन्हे जास्त होणारा भाग'. या दोन खुणांत काहीही बसतं. २००४ पासून २०१२ च्या मध्यापर्यंत असे ४४ लाख प्रसंग नोंदले गेले. त्यात ८० टक्क्यांहून जास्त लोक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे). निम्म्याहून थोड्या जास्त वेळा अंग चाचपलं गेलं आणि चाचपलेल्या दर १०० जणांत शस्त्र निघालं दीड जणाकडे. २०१३ मध्ये फेडरल (केंद्रीय) न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली.

इथे हमखास एक प्रतिवाद येतो: 'गुन्हे ते जास्त करतात, म्हणून थांबवलेही तेच जातात.' हा प्रतिवाद मोजून तपासता येतो. झडतीत बेकायदा माल किती वेळा सापडला ते बघायचं. संशय रंगावरून नसून खऱ्या खाणाखुणांवरून असेल तर हे प्रमाण दोन्ही गटांत साधारण सारखं यायला हवं. मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहराचा न्याय खात्याचा २०१५ चा अहवाल उघडा. लोकसंख्येत कृष्णवर्णीय ६७ टक्के, थांबवलेल्या गाड्यांत ८५, अटकेत ९३. गाडी थांबवल्यावर झडती होण्याची शक्यता गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त, पण माल सापडण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी. म्हणजे त्यांच्या बाबतीत संशय स्वस्त होता. दुसरी कसोटी मला जास्त आवडते, ती अंधाराची. संध्याकाळची तीच वेळ घ्यायची, उन्हाळ्यात उजेड असतो, हिवाळ्यात काळोख. काळोखात चालकाचा रंग दिसत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी देशभरातल्या सुमारे दहा कोटी नोंदी तपासल्या, तर काळोख पडला की थांबवलेल्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा घटतो असं दिसलं.

आता ट्रेव्हॉन. २६ फेब्रुवारी २०१२, सॅनफर्ड, फ्लोरिडा. १७ वर्षांचा मुलगा दुकानातून गोळ्यांचं पाकीट आणि सरबताचा डबा घेऊन पावसात परत निघालेला. मारणारा पोलीस नव्हता, वसाहतीतला स्वयंसेवी पहारेकरी होता, जॉर्ज झिमरमन. त्याने पोलिसांना फोन करून सांगितलं की हा मुलगा काहीतरी गडबड करणारा दिसतो. (वंश त्याने आपणहून सांगितला असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. पलीकडून विचारल्यावर त्याने सांगितला. एका वाहिनीने मधला प्रश्न कापून ध्वनिफीत ऐकवली होती.) मागे जायची गरज नाही, असं त्याला फोनवर सांगण्यात आलं. काही मिनिटांत झटापट झाली आणि एका गोळीत मुलगा गेला. झिमरमनवर आरोप ठेवला गेला ११ एप्रिलला, दीड महिन्याने.

खटल्यात दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. फ्लोरिडाच्या २००५ च्या कायद्याने, जीव घेण्याआधी शक्य असेल तर मागे हटण्याचं बंधन काढून टाकलं होतं. बचाव पक्षाने त्या कायद्याखालची खटल्याआधीची स्वतंत्र सुनावणी मागितलीच नाही, म्हणून 'त्या कायद्याचा इथे संबंध नव्हता' असं लिहिलेलं आढळतं. पण ज्युरीला दिलेल्या लेखी सूचनांत तो होताच: माणूस जिथे असण्याचा त्याला हक्क आहे तिथे त्याच्यावर हल्ला झाला तर मागे हटायचं बंधन नाही, आणि धोका प्रत्यक्षात असलाच पाहिजे असं नाही, सावध माणसाला तो खरा वाटेल असा दिसला तरी पुरे. दुसरी गोष्ट म्हणजे पुराव्याचा भार. आपल्याकडे स्वसंरक्षणाचा अपवाद आरोपीने दाखवायचा असतो (जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०५), शिवाय पोलिसांकडे जायला वेळ होता का हेही बघतात. तिथे उलटं. हे स्वसंरक्षण नव्हतं, हे सरकारी वकिलाने वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायचं. झटापट नीट पाहिलेला साक्षीदार नाही, दुसरी बाजू सांगणारा मुलगा मेलेला. शंका उरणारच. १३ जुलै २०१३ ला सहा जणींच्या ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. आणखी एक बारकावा: सुरुवातीच्या निवेदनात सरकारी वकिलांनी 'प्रोफायलिंग' (दिसण्यावरून संशयित ठरवणं) म्हणायला हरकत नाही, पण त्याआधी 'वांशिक' हा शब्द लावायचा नाही, असा न्यायाधीशांचा आदेश होता.

मारणारा पोलीस असला तर मोजपट्टी आणखी सैल होते. १९८५ च्या गार्नर निकालाने पळणाऱ्या माणसाला केवळ पळतो म्हणून गोळी घालायला बंदी केली. तो खटला मेम्फिसमधल्या १५ वर्षांच्या मुलाचा होता, पाठमोरा असताना डोक्यात गोळी, जवळ निघाले १० डॉलर. पण चारच वर्षांनी ग्रॅहम निकाल आला. त्यानुसार बळाचा वापर जागेवरच्या 'वाजवी अधिकाऱ्याच्या' नजरेने तपासायचा, नंतरच्या शहाणपणाने नाही. गंमत बघा, तो डिथॉर्न ग्रॅहमही कृष्णवर्णीयच. साखर उतरली म्हणून संत्र्याचा रस घ्यायला दुकानात शिरला, रांग पाहून लगबगीने बाहेर पडला, तेवढ्यावरून संशय आला आणि झटापटीत त्याचा पाय मोडला.

या मोजपट्टीत टामिर राइसचा व्हिडिओ का हरला, ते पाहा. २२ नोव्हेंबर २०१४, क्लीव्हलँड, बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेतलेला १२ वर्षांचा मुलगा. फोन करणाऱ्याने सांगितलं होतं की पिस्तूल बहुधा खोटं आहे, आणि हा बहुधा लहान मुलगा आहे. हे दोन्ही तपशील गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचवलेच गेले नाहीत. गाडी थेट त्याच्या पुढ्यात येऊन थांबली आणि दोन सेकंदांत गोळी सुटली. आता तपासायचं काय? त्या दोन सेकंदांतली भीती. गाडी इतकी जवळ का नेली, निरोप का गाळला, हे सगळं चौकटीबाहेर. शिवाय प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांपुढे) मांडणारा सरकारी वकील हा रोज त्याच पोलिसांच्या साक्षींवर खटले चालवणारा. त्यानेच आरोप न ठेवण्याची शिफारस केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये ग्रँड ज्युरीने ती मानली. शहराने कुटुंबाला ६० लाख डॉलर दिले, चूक मान्य न करता.

व्हिडिओने शिक्षा होते ती सहसा एकाच परिस्थितीत: तो पोलिसाचा पहिला जबाब खोटा पाडतो तेव्हा. टेक्ससमध्ये २०१७ साली १५ वर्षांच्या जॉर्डन एडवर्ड्सवर गोळी झाडली गेली. गाडी पोलिसांच्या अंगावर येत होती असं आधी सांगितलं गेलं, बॉडी कॅमेऱ्यात ती दूर जाताना दिसली, आणि अधिकाऱ्याला खुनासाठी १५ वर्षांची शिक्षा झाली. म्हणून अशा प्रकरणात वकील आधी घटनेच्या दिवशीचा लेखी अहवाल आणि वायरलेसच्या फिती मागतात, चित्रफीत त्यांच्याशेजारी ठेवून बघतात.

राज्याने सोडलं तर फेडरल गुन्हा उरतो, सरकारी अधिकार वापरून कुणाचा हक्क हिरावल्याचा, कलम २४२. त्यात हक्क 'जाणूनबुजून' हिरावला हे सिद्ध करावं लागतं, आणि तिथे बहुतेक प्रकरणं अडकतात. आपल्याकडच्या ज्यांना हा फक्त 'त्यांचा' प्रश्न वाटतो त्यांच्यासाठी: फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात मुलाकडे राहायला आलेले ५७ वर्षांचे गुजराती आजोबा फेरफटका मारत होते. शेजाऱ्याने पोलिसांना कळवलं, एक सडपातळ काळा माणूस फिरतोय. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, शरीर अंशतः लुळं पडलं. गाडीच्या कॅमेऱ्यात सगळं होतं. कलम २४२ खाली दोन खटले झाले, दोन्हीत ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि २०१६ मध्ये न्यायाधीशांनी अधिकाऱ्याला मुक्त केलं.

दिवाणी दाव्यात 'क्वालिफाइड इम्युनिटी' आडवी येते: जवळपास असंच कृत्य बेकायदा असल्याचं आधीच्या निकालांनी स्पष्ट केलेलं नसेल तर अधिकारी वैयक्तिक भरपाईतून सुटतो.

हललेलं काही आहे. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून प्राणघातक बळासाठी 'वाजवी' ऐवजी 'आवश्यक' ही कसोटी आणली. जॉर्जियाने धावायला निघालेल्या अहमद आर्बरीच्या खुनानंतर २०२१ मध्ये सामान्य नागरिकाला दुसऱ्याला अटक करायची मुभा देणारा १८६३ चा कायदा जवळजवळ मोडीत काढला. आणि १५ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने बार्न्झ विरुद्ध फेलिक्स खटल्यात एकमताने सांगितलं की फक्त शेवटच्या दोन सेकंदांकडे बघणं चूक आहे, आधीचं सगळं धरा. तो ह्यूस्टनजवळचा तरुण भाड्याच्या गाडीवरच्या टोलच्या थकबाकीपायी थांबवला गेला होता. गाडी सुटताना अधिकारी स्वतःच दरवाजाच्या पायरीवर चढला आणि तिथून त्याने गोळ्या झाडल्या. पण अधिकाऱ्याने आपणहून ओढवून घेतलेला धोका त्याच्या विरुद्ध धरायचा की नाही, हा मुद्दा न्यायालयाने तिथे ठरवला नाही. टामिरच्या पुढ्यात नेऊन उभी केलेली गाडी नेमकी याच मुद्द्यात येते.