"कशातच रस नाही हो याला"

"मॅडम, याला कशातच रस नाही." समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली की मला कळतं, आता हे वाक्य येणार. पाठोपाठ यादी येते. अॅबॅकस झालं, स्केटिंग झालं, तबला चालू आहे, ड्रॉइंगचा क्लास लावलाय. आणि एवढं सगळं करून पोरगं रविवारी संध्याकाळी सोफ्यावर आडवं पडून म्हणतं, "बोअर होतंय." हे गाऱ्हाणं इतक्या वेळा ऐकलंय की एकदा त्यावर सविस्तर लिहावं म्हटलं. खाली ओंकार नावाच्या एका मुलाची गोष्ट आहे. नाव आणि घरचे तपशील बदललेत, आठ-नऊ भेटी चार प्रसंगांत बसवल्यात.

आधी एक सांगते. मूल जेवेनासं झालं, झोप बिघडली, मित्रांना टाळू लागलं, आवडता खेळही सुटला आणि दोन-तीन आठवडे हे असंच राहिलं, तर तो "रस नाही" वेगळा. तिथे माझ्यासारखीचा लेख वाचत बसू नका, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ओंकारचं तसं नव्हतं. खात होता, झोपत होता, सोसायटीतल्या पोरांशी रोज भांडत होता.

सातवीतला मुलगा. आई बँकेत, वडील चाकणला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. वडिलांचा हिशेब पक्का होता. "इलेमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा करून घ्यायच्यात. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला सात मार्क वाढतात. बीला पाच, सीला तीन." मी विचारलं, "त्याची चित्रं तुम्हाला आवडतात का?" ते बायकोकडे बघायला लागले.

मग आम्ही दोघंच बोललो.

"चित्रं काढायला आवडतं?"

"सर म्हणाले, बी येईल."

"आणि तबला?"

"प्रवेशिका प्रथम झाली."

"ऐकायला आवडतो?"

"ऐकायला?" त्याला प्रश्नच कळला नाही. "आम्हाला वाजवायचा असतो ना."

तीन वर्षं तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलाने एकदाही कुणाचा तबला बसून ऐकला नव्हता. यात त्याची चूक नाही. परीक्षेत वाजवायला सांगतात.

मी कागद आणि खडू पुढे सरकवले. समुपदेशकांची ही जुनी खोड, मूल बोलत नसेल तर त्याला काढू द्यावं. तो म्हणाला, "विषय काय? वेळ किती?" तुझं तू ठरव म्हटल्यावर त्याने दहा मिनिटांत भाजीबाजार काढला. सफाईदार. चार बायका, चारही पाठमोऱ्या.

"यांची तोंडं कुठेत?"

"पाठमोऱ्या काढल्या की चेहरा काढावा लागत नाही. चेहऱ्यात मार्क जातात."

माझा डाव माझ्यावरच उलटला होता. मनातलं कागदावर येईल म्हणून मी त्याला चित्र काढायला लावलं, आणि त्याच्यासाठी चित्र म्हणजेच लपायची जागा होती. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात साधारण नऊ ते बारा वर्षांचं वय नाजूक मानलंय. मूल आपलं चित्र खऱ्या वस्तूशी ताडून बघायला लागतं, ते "चुकलेलं" दिसतं आणि "मला चित्र येत नाही" सुरू होतं. या वयात युक्त्या शिकवल्या की चित्र जमून जातं, बघणं मात्र तिथेच थांबतं.

तिसऱ्या भेटीत मला महत्त्वाचा फोन आला आणि मी पाच-सात मिनिटं बाहेर गेले. पुढे जे झालं त्यात माझं कर्तृत्व एवढंच, की मी खोलीत नव्हते. माझ्या टेबलावर आजीचा पितळी अडकित्ता असतो, कागद उडू नयेत म्हणून. पातं लोखंडी, आता पार बोथट. दांड्याच्या टोकाला पोपट, त्याच्या पंखावर केसाएवढ्या बारीक रेघा. मी परत आले तेव्हा ओंकार तो उघडमीट करत होता.

"याला एका बाजूनेच डोळा आहे," तो म्हणाला.

खरंच की. पोपटाच्या एका अंगाला डोळ्याचं गोल ठसठशीत, दुसऱ्या अंगाला नुसती गुळगुळीत पितळ. त्याने अडकित्ता उजव्या हातात धरला, अंगठा कुठे येतो ते पाहिलं. मग डाव्या हातात धरला. बराच वेळ त्याचं हे चाललं होतं. मी गप्प बसले. (पंचवीस वर्षांच्या धंद्यात कमावलेली एकच कला, गप्प बसणं.)

"तुमची आजी डावखुरी होती?"

मी चाळीसएक वर्षं तो अडकित्ता बघतेय. आजीला लहानपणी मारून-मुटकून उजव्या हाताने जेवायला शिकवलं होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण दुपारी ओटीवर बसून ती सुपारी कातरायची ती डाव्या हाताने, हे मला त्या क्षणी आठवलं. तिच्या अंगठ्याने तो डोळा पुसला होता, आणि तो वाचला एका बारा वर्षांच्या पोराने, ज्याला कशातच रस नव्हता.

मग त्याचा प्रश्न आला. "पण पोपट केलाच कशाला? सुपारी तर त्याच्याशिवायही फुटते."

"तुला काय वाटतं?"

तो नखाने पंखाच्या रेघा मोजत राहिला. "रोज हातात येणार म्हणून असेल."

सौंदर्यशास्त्रावर मी बरंच वाचलंय. इतकं नेमकं थोड्यांनीच सांगितलंय.

त्या रात्री मला त्या जुन्या तक्रारीचा अर्थ लागला. "रस नाही" म्हणतो तेव्हा आपण शब्द अगदी बरोबर वापरतो. रसाला रस का म्हणायचं, यावर नाट्यशास्त्रातलं भरतमुनींचं उत्तर एवढंच आहे की त्याचा आस्वाद घेता येतो. ओंकार चार-चार स्वयंपाकघरांत राबत होता, पण त्याला पाटावर बसवून कुणी वाढलंच नव्हतं. आपल्याकडे कलाशिक्षण म्हणजे करायला शिकवणं. बघायला, ऐकायला शिकवायचं हे डोक्यातच नसतं, कारण त्याची परीक्षा नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला गेले. तिथे नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या शाळेत, मुलांना कला शिकवताना रोजच्या जगण्यातली सुंदरता त्यांनी वेगळी काढली नाही. मी त्या परंपरेची आहे, हे लपवत नाही.

मी घरच्यांना काम दिलं. पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जायचं आणि एकच कपाट बघायचं. आईला हे पटेना. "तिकीट काढून एकच?" वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह, दिवे, दौती, पानाचे डबे, वज्र्या, अडकित्त्यांचे नाना अवतार. भराभर बघितला तर मुलाला फक्त पाय दुखल्याचं आठवतं. (तो जमवणाऱ्या दिनकर केळकरांचा धंदा चष्म्याचा. मला ही गोष्ट फार आवडते.)

पुढच्या भेटीत वडीलच बोलत सुटले. "मॅडम, तिथल्या अडकित्त्याचा तो सांधा बघितलात? एकच रिव्हेट. इतकी वर्षं झाली, ढिला नाही!" त्यांनी तिकिटाच्या मागे सांध्याची आकृती काढून आणली होती. ओंकार त्यात चुका काढत होता. सात मार्कांचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

आता तुमच्यासाठी. मूल काही दाखवायला आलं की "वा, छान" म्हणून मोकळं होऊ नका. "छान" म्हणजे दार लावून घेणं. अॅबिगेल हाउसन या मानसशास्त्रज्ञ आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षणाचं काम पाहिलेले फिलिप येनावाइन यांनी चित्र बघताना विचारायचे तीन साधे प्रश्न रुजवले. इथे काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय? मधला प्रश्न सोन्यासारखा आहे. "कशावरून" विचारलं की मूल पुन्हा बघतं, पुरावा शोधतं. पण तो उलटतपासणीच्या सुरात विचारलात तर मूल पाठमोरं होईल.

चित्रच हवं असंही नाही. दारची रांगोळी, आजीच्या लुगड्याचा काठ, देव्हाऱ्यातली समई, काहीही चालेल. तबला शिकत असेल तर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सोबत बसून नुसतं ऐका. तेव्हा "बघ, तू असं वाजवायला हवंस" हे वाक्य तोंडातून बाहेर पडू देऊ नका, सगळं मुसळ केरात जाईल. आणि तुम्हाला स्वतःला काय आवडतं ते मुलासमोर बोला. कित्येक मुलांनी आई-बाबांना एखाद्या गोष्टीपुढे नुसतं उभं राहिलेलं कधी पाहिलेलंच नसतं.

क्लास बंद करा असं मी म्हणत नाही. हात तयार व्हायला क्लास लागतो. फक्त चारांचे दोन करा आणि एक रिकामी संध्याकाळ ठेवा. त्या संध्याकाळी "बोअर होतंय" ऐकू आलं तर घाबरून मोबाइल देऊ नका. माझ्या खोलीतली ती पाच-सात मिनिटं बोअरच होती.

इलेमेंटरीचा निकाल लागल्यावर आईचा फोन आला. "सी ग्रेड, मॅडम." आवाज पडलेला. स्मरणचित्रात पुन्हा बाजारच निघाला होता म्हणे, आणि पठ्ठ्याने भाजीवाली समोरून काढली होती. परीक्षेआधी तीन रविवार वडिलांबरोबर मंडईत जाऊन एकाच बाईला बघत बसला होता.

"तोंड पार वाकडं आलं, असं स्वतःच सांगतो," आई म्हणाली. "पाठमोरी काढली असती तर बी कुठे जात नव्हती हो. मी म्हटलं, अरे मग काढायची ना. तर म्हणतो, ती पान खाते, तिचा एक गाल फुगलेला असतो, ते मागून कसं दिसणार?"

मग जरा थांबून तिनेच विचारलं, "इंटरमिजिएटला बसवू ना?"

"त्याला विचारा," मी म्हटलं.