माइक आणि इलेक्ट्रिक गिटार थेट लॅपटॉपच्या हेडफोन जॅकला जोडून घरी रेकॉर्डिंग होईल का?

काहीतरी आवाज येईलही, पण ऐकवणार नाही. मधे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक-गिटारचा सिग्नल लॅपटॉपला समजेल असा करून देणारा डबा, हवाच. दोन इनपुटवाला घ्या, म्हणजे गाणं आणि गिटार एकदमच घेता येतं.

माइक एक्सएलआर केबलने जोडा. माइक कंडेन्सर (वीज लागणारा प्रकार) असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं, म्हणजे केबलमधूनच माइकला वीज देणारं, बटण दाबावं लागतं, नाहीतर तो मुकाच राहतो. डायनॅमिक प्रकारच्या माइकला त्याची गरज नाही. बटण दाबण्याआधी हेडफोनचा आवाज बंद करा. कानात फाडकन ठोका बसतो.

खरी गोची गिटारची. जॅक लावला की झालं असं वाटतं आणि इंटरफेसवरचं 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी'चं (गिटारसारख्या वाद्यासाठीचं) बटण दाबायचं राहून जातं. पिकअपला, म्हणजे गिटारच्या तारांची कंपनं पकडणाऱ्या भागाला, साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो, बटण न दाबता मिळणारा लाइन इनपुट बहुधा १० किलोओहमच्या आसपास असतो. त्यात गिटारची धारच जाते, सगळं पांघरुणाआडून ऐकल्यासारखं.

गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) लावताना सगळ्यात जोरात वाजवून बघा, पीक, म्हणजे मीटरवरची सगळ्यात वरची पातळी, उणे १२ डीबीच्या आसपास राहू द्या.

स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसवरचा डायरेक्ट मॉनिटर चालू करा, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो. अँप सिम्युलेटर (गिटार अँपचा आवाज लॅपटॉपमध्ये तयार करणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर मात्र त्याचा उपयोग नाही, सेटिंगमधला बफरच (लॅपटॉप एका वेळी किती आवाज साठवून हाताळतो तो आकडा) १२८ सॅम्पलपर्यंत खाली आणा.