चिकटून बसणारे जंतू : वाचकांच्या शंका

प्रश्न : मी केळीच्या बागेत कामाला जाते. उन्हाळ्यात वारंवार लघवीला जळजळ होते. लघवीच्या धारेबरोबर जंतू वाहून का जात नाहीत? (एक भगिनी, रावेर तालुका)

बरेचसे जंतू वाहून जातातच. प्रश्न उरलेल्यांचा आहे. मूत्रमार्गाच्या बहुसंख्य संसर्गांना कारण ठरणाऱ्या ई. कोलाय या जंतूच्या अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात आणि त्यांच्या टोकाचे 'फिम-एच' हे प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरपेशींवरील मॅनोज या शर्करेला धरून बसते. विशेष म्हणजे ओढ लागली की ही पकड, काही मर्यादेपर्यंत, सुटण्याऐवजी घट्ट होते. विहिरीत सोडलेल्या बादलीची फासगाठ वजनाने आवळावी, तसेच काहीसे. तरीही पाणी पिणे व्यर्थ ठरत नाही, कारण न चिकटलेले जंतू धारेबरोबर निघून जातात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हा त्रास वारंवार होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. वर्षभरात, रोज दीड लिटर पाणी जास्त पिणाऱ्या गटाला सरासरी १.७ वेळा, तर दुसऱ्या गटाला ३.२ वेळा संसर्ग झाला. शेतात आडोसा नाही म्हणून पाणीच कमी प्यायचे, ही आपल्याकडच्या बायकांची जुनी अडचण आहे, हे मी जाणतो. थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत कळ येऊ लागली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : मग मॅनोजची पावडर घेतली, तर जंतू तिलाच धरतील ना? (शिरपूर)

तर्क बरोबर आहे आणि प्रयोगशाळेत तसे घडतेही. तथापि ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांवर सहा महिने झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती पावडर औषधविरहित पावडरीपेक्षा सरस ठरली नाही. तिच्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे.

प्रश्न : ज्या पेशीवर धरायला जागाच नाही, तिथे जंतू काय करतो? (जीवशास्त्राचे एक शिक्षक, धुळे)

बालकांना जुलाब घडवणारा ई. कोलायचाच एक प्रकार ही जागा सोबत घेऊन येतो. सुईसारख्या यंत्रणेतून तो 'टिर' नावाचे प्रथिन आतड्याच्या पेशीत सोडतो, ते पेशीच्या आवरणात जाऊन बसते आणि जंतू आपल्या अंगावरील 'इंटिमिन'ने त्यालाच पकडतो. पाहुण्याने यजमानाच्या भिंतीत स्वतःची खुंटी ठोकून तिलाच पिशवी अडकवावी, असा हा प्रकार १९९७ मध्ये उघड झाला. पुढे पेशीच्या आतील सांगाड्याचे धागे त्या ठिकाणी गोळा होऊन जंतूखाली ओट्यासारखा उंचवटा तयार होतो, आणि अन्नरस शोषणारे तिथले सूक्ष्म अंकुर नाहीसे होतात.