मुंबईतली स्थानिक हॉटेले आणि घरगुती जेवण यांची ओळख कुठून सुरू करावी?

आपण लिहिले आहे की नोकरीनिमित्त लातूरहून मुंबईत येऊन आठ महिने झाले, ऑफिसच्या आसपास सगळीकडे तीच पंजाबी ग्रेव्ही आणि तोच शेजवान राइस मिळतो, मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांचे जेवण हॉटेलात शोधावे की कोणाच्या घरी हे कळत नाही, आणि एकट्याने जाऊन बसायला संकोच वाटतो. हॉटेलांच्या याद्या आपल्याला कोठेही मिळतील. मी तीस-पस्तीस वर्षे खाऊन जी एक ढोबळ विभागणी करून ठेवली आहे ती सांगतो: ज्या पदार्थाला मोठा जाळ, मोठे भांडे आणि दिवसभराचा खप लागतो तो हॉटेलात खावा, ज्याला मांडी घालून निवडणे, सोलणे, वाळवणे लागते तो कोणाच्या तरी घरीच खावा.

हॉटेल आणि घर यांच्यामधली भिंत मुंबईत मुळातच पातळ आहे. माझी आजी लालबागच्या चाळीत खानावळ चालवीत असे. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत कामाला आलेले पुरुष बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहत, पाळीप्रमाणे झोपत आणि शेजारच्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. आजीकडे असे सतरा मेंबर होते. चुलीमागच्या भिंतीवर ज्याच्या त्याच्या नावापुढे खडूने खाडे मांडलेले असत आणि पगाराच्या दिवशी त्यांवरून हमखास वाद होई, कारण गावाहून परतलेला मनुष्य निघण्याच्या दिवशीचे सकाळचे जेवण विसरलेला असे आणि आजी ते विसरलेली नसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि सावकाराच्या दारी जाणाऱ्या या बायकांसाठी बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. १९८२ च्या गिरणी संपानंतर मेंबर एकेक करून गावी गेले आणि आमची ती भिंतही पुढे चुन्याने रंगविली गेली. सांगायचे इतकेच की मुंबईतली बरीचशी जुनी जेवणघरे ही आपापल्या गावच्या एकट्या माणसांची सोय म्हणून निघाली, आणि ती सोय ज्यांची होती त्यांचाच हात अजून तिथल्या आमटीला आहे.

म्हणून पहिली गोष्ट, पाटी वाचायला शिकावे. ‘बोर्डिंग’ म्हणजे ठरलेले पोटभर जेवण, तिथे मेनूकार्डाची चर्चा नको. ‘लंच होम’ हे नाव बहुधा मंगळूर-उडुपीकडच्या किंवा केरळच्या माणसाचे असते आणि तिथे दुपारचे जेवण रात्रीच्यापेक्षा चांगले मिळते. ‘हेल्थ होम’ या नावाखाली मिसळ, थालीपीठ आणि पियूष मिळते, हा प्रकार गिरगावातल्या विनय हेल्थ होममध्ये पाहता येईल. आरोग्याचा तिथे नेमका काय संबंध आहे हे मी विचारीत नाही. मराठी पदार्थांच्या दुकानावर ‘उपाहारगृह’ऐवजी पुष्कळदा ‘उपहारगृह’ असे लिहिलेले असते. उपहार म्हणजे भेट, पण बिल आल्यावर तो गैरसमज दूर होतो. आणि ‘गोमंतक’ किंवा ‘सिंधुदुर्ग’ असे प्रदेशाचे नाव पाटीवर असेल, तर आत शिरण्यापूर्वी कोणता वार आहे हे पाहावे. सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला मराठी गिऱ्हाईक मासे टाळते, त्यामुळे त्या दिवशी आपल्या ताटात आदल्या दिवशीची खरेदी येण्याचा संभव अधिक असतो.

आता हॉटेलातच खाण्यासारखे काय, ते सांगतो. माटुंग्यात डोसा खावा, कारण सकाळपासून रात्रीपर्यंत तापलेल्या त्या जाड लोखंडी तव्याची बरोबरी घरच्या तव्याला करता येत नाही; घरी चौथा डोसा जमू लागतो तेव्हा पीठ संपत आलेले असते. तिथेच स्टेशनजवळ १९४२ सालचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, तिथे केळीच्या पानावर जेवावे. बॅलार्ड इस्टेटमधल्या १९२३ च्या ब्रिटानिया या इराणी हॉटेलात बेरी पुलाव खावा. त्यातल्या आंबट लाल बेरी इराणकडच्या आहेत आणि भाताला जो चटका देतात तो लिंबाने येत नाही. धोबीतलावच्या कयानी या इराणी हॉटेलात, जे १९०४ पासून आहे, चहात बुडवून ब्रूनमस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, खावा, कारण ब्रूनचे ते कडक कवच बेकरीच्या भट्टीतच धरते. भेंडीबाजाराच्या बाजूला रात्रभर मंद आचेवर ठेवलेली नल्ली निहारी सकाळी लवकर मिळते. एका कुटुंबासाठी कोणी रात्रभर जाळ ठेवीत नाही.

घरच्या पदार्थांचे गणित याच्या उलट आहे. माझी पत्नी सीकेपी, म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, आणि मालवणी घरात वाढलेल्या मला वालाचे बिरडे हे प्रकरण लग्नानंतरच कळले. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक वाल अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये असा दाबायचा की साल मागे राहील आणि डाळिंबी, म्हणजे सोललेला वाल, मोड न तुटता पुढे निसटेल. चार माणसांच्या बिरड्याला दोघांचा पाऊण तास जातो. आमच्याकडे हे काम टीव्हीसमोर बसून होते आणि मोड मोडला तर मला ऐकून घ्यावे लागते. ज्या हॉटेलमालकाला आचाऱ्याचा पगार द्यायचा आहे तो हा पाऊण तास कोठून आणणार? म्हणून बिरडे, सोड्याची म्हणजे सुकविलेल्या कोळंबीची खिचडी किंवा पाठारे प्रभूंचे कोळंबीचे भानोले हे पदार्थ पाट्यांवर फार क्वचित दिसतात. ते पदार्थ टिकले ते घरोघरच्या हातांमुळे, त्यामुळे ते हॉटेलात मिळत नाहीत म्हणून हळहळण्यात अर्थ नाही.

दुसरे उदाहरण आमच्या कलिन्यातल्या शेजारणीचे. त्या ईस्ट इंडियन आहेत, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, आणि घरात मराठीच्या वळणाची बोली बोलतात. मे महिन्यात त्यांच्या गच्चीवर मिरच्या, हळकुंडे, धणे आणि बाकीचा मसाला वाळत पडतो, वेगवेगळा भाजला जातो, कुटला जातो आणि मग बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरला जातो, कारण काचेचा तो रंग ऊन अडवितो आणि ठासल्यामुळे आत हवा राहत नाही. हाच बाटली मसाला. जिन्नस वीसच्या पुढे असतात. नेमके किती, हे आंटीने वीस वर्षांच्या शेजारात मला सांगितलेले नाही, मात्र पावसाळ्यापूर्वी एक बाटली आमच्या दारात येते आणि गणपतीत आमचे मोदक त्यांच्याकडे जातात.

माशांच्या बाबतीत ऋतूही पाहावा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. एकदा जुलैत पाहुण्यांना घेऊन मी एका नावाजलेल्या ठिकाणी ‘आजचे ताजे पापलेट’ मागविले. आले ते बर्फातले, काट्याजवळ पिठूळ लागणारे, आणि बिल मात्र ताज्याचे होते. चूक माझीच होती. त्या दोन महिन्यांत सुके बोंबील, जवळा आणि सोडे हेच कोकणी माणसाचे खाणे असते. ओले बोंबील पाऊस ओसरल्यावर खावेत, आणि जमल्यास घरी: उभे चिरून काटा काढायचा, फडक्यात गुंडाळून वर वरवंटा ठेवायचा आणि त्यांतले पाणी निथळू द्यायचे, मगच तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर ठेवायचे. हे पाणी काढले नाही तर बोंबील तव्यावर विरघळतो. ज्या हॉटेलात तो रव्याच्या जाड थराखाली येतो, तिथे तो थर बहुधा ही घाई झाकण्यासाठी असतो.

आपली मुंबईत कोणाच्या घरी ओळख नसेल, तर दादर, गिरगाव किंवा विलेपार्ले पूर्व येथील पोळी-भाजी केंद्रांपासून सुरुवात करावी. तिथल्या बाईंना ‘मेनू काय आहे’ असे न विचारता ‘आज घरात काय केले आहे’ असे विचारावे, उत्तर वेगळे येते. घरून डबा देणाऱ्या अनेक जणी आदल्या दिवशी सांगितल्यास आपल्या समाजाचा एखादा खास पदार्थ करून देतात. त्यांच्याकडे अन्न परवान्याचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक आहे का, हे संकोच न करता पाहावे. काही बोहरी कुटुंबे पूर्वनोंदणी घेऊन घरी जेवायलाही बोलावितात. तिथे एकाच मोठ्या थाळाभोवती सात-आठ जण बसतात आणि चिमूटभर मीठ जिभेला लावून जेवणाला सुरुवात होते. कोणाच्याही घरी पहिल्याच भेटीत कृती विचारू नये. दुसऱ्यांदा मागून वाढून घ्यावे, मग कृती आपोआप सांगितली जाते.

राहिला एकटेपणाचा प्रश्न. इराण्याकडे, बोर्डिंगात आणि मालवणी खानावळीत एकट्या माणसाला रांगेतून लवकर आत घेतात, कारण चौघांच्या टेबलावर एक खुर्ची नेहमीच रिकामी असते. समोर बसलेला अनोळखी माणूस बहुधा तिथला रोजचा असतो. त्याच्या ताटात काय आहे ते पाहावे आणि वेटरला तेच आणायला सांगावे.