लंगोट बदलणाऱ्या ताईला

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बालशिक्षणाची पदविका घेऊन बांधकाम मजुरांच्या पोरांच्या पाळणाघरात आलीस आणि अर्धा दिवस शी-शू, नाक पुसणं नि झोपवणं यांतच जातो, मग शिकवायचं कधी, असं विचारतेस. त्यात विश्वस्तांनी सुचवलंय की पाळणाघर बंद करून सकाळची तीन तासांची बालवाडी तेवढी ठेवू. दर्जा वाढेल, देणगीदारही मिळतील. आणि तुलाही ते पटू लागलंय. मला नाही पटत.

सांभाळणं हेच शिकवणं. तीन वर्षांच्या आतल्या पोराला शिकवायची दुसरी तऱ्हा नाही, आणि पाच वर्षांच्यालाही फारशी नाही.

लंगोट बदलतेस तेव्हा पोराचं तोंड तुझ्यापासून हातभर अंतरावर असतं. दिवसभरात कुणाचं एवढं एकट्यासाठीचं लक्ष त्याला मिळतं? ‘हा एक पाय वर, हा दुसरा, ओलं काढू, कोरडं घालू’ असं बोलत राहिलीस तर ओलं-कोरडं, वर-खाली, एक-दोन सगळं त्यात आलं. तोंड फिरवून मुकाट्याने उरकलंस तरी पोर शिकतंच. आपल्या अंगाची लोकांना किळस येते, हे शिकतं.

जेवणाच्या वेळी चार वर्षांच्या पोरीला ताटं मांडायला लाव. दोन कमी पडली तर ती दोनच घेऊन येते की ढीग उचलून आणते, ते बघ. दोनच आणली त्या दिवशी तिला गणित आलं. भिंतीवरचा एक ते शंभरचा तक्ता तू कितीही सुंदर रंगव, तो हे काम करणार नाही.

तुझ्या खोलीत गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलणारी पोरं आहेत, छत्तीसगडी आहेत, सोलापूरकडची तेलुगू बोलणारीही आहेत. सकाळी आई पोराला टेकवून निघायच्या घाईत असते, तेव्हा तिला विचारतेस का, की हे झोळीत झोपतं की पालथं? पाणी कसं मागतं? अंडं चालतं का घरात? ज्या पोराचं मागणं कुणाला कळत नाही ते पहिले आठ दिवस रडतं आणि नंतर गप्प होतं. गप्प झालं की आपण म्हणतो, रुळलं. रुळलेलं नसतं गं ते.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघरकडे बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती तिथली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावर धुळीत पडलेली मजुरांची पोरं पाहिली आणि तिथेच, कामाच्या जागी, पाळणाघर उभं केलं. ‘मोबाइल क्रेशेस’ या संस्थेची सुरुवात ती. पोरं जिथे होती तिथे ही माणसं गेली, आणि तू बारा वाजता कुलूप लावायचं म्हणतेस!

बारा वाजता आई कुठे असते? डोक्यावर घमेलं घेऊन चौथ्या मजल्यावर. मग पोराला न्यायला कोण येतं? आठ-नऊ वर्षांची बहीण, स्वतःची शाळा बुडवून. तीन तासांची बालवाडी एकाला शिकवते आणि दुसरीचं शिक्षण थांबवते, हा हिशेब तुमच्या विश्वस्तांनी मांडलाय का? सरकारी अंगणवाडीही सहसा संध्याकाळपर्यंत उघडी नसते. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात मुलांसाठी खोली होती, पण पन्नासहून जास्त बायका कामावर असल्या तरच. आणि जोडीची मजुरी नवऱ्याच्या नावावर निघाली की बाई हजेरीपटावर दिसतच नाही. राहता राहिलं कोण? तुमच्यासारखी संस्था.

माझ्यापुढेही एक देणगीदार आला होता. गणवेश, बाकं, इंग्रजी कविता, सगळ्याला पैसे देणार होता, पाळण्यांना नाही. मी नाही म्हटलं. अनुदान गेलं आणि दोन मदतनीस बायकांना कमी करावं लागलं. त्यातली एक पुन्हा माझ्याशी बोलली नाही. लोक हट्टी म्हणाले. त्या बायकांचं अजून वाईट वाटतं, निर्णयाचं वाटत नाही. पाळणे राहिले म्हणून कितीतरी मोठ्या बहिणी शाळेत राहिल्या, आणि आजही कुणी विचारलं तर मी हेच करीन.

तू लिहिलंस, ‘मी काय आयाबाईच व्हायचं का?’ हे वाक्य मला आवडलं नाही. तुझ्या खोलीतल्या मावशी रडणारं पोर खांद्यावर टाकून दुसऱ्याला भरवतात, ते तुझ्या पदविकेत नव्हतं. त्यांच्याकडून शीक. सांभाळणं हेच शिकवणं, हे त्यांना कुणी न सांगता येतं. तुला पत्र लिहून सांगावं लागतंय. रागावू नकोस. तुझ्या हातात चांगलं काम आहे म्हणूनच जीव तुटतो.

बैठकीला जाशील तेव्हा एक कागद करून ने. कोणाची आई किती वाजता सोडते, किती वाजता नेते, मधल्या वेळात घरी कोण असतं. तो विश्वस्तांपुढे ठेव आणि एकेका मुलाचं नाव घेऊन विचार की बारानंतर याने कुठे जायचं. मदतनिसांचा पगार वाढवायचा विषयही त्याच बैठकीत काढ, मागाहून कुणी काढत नाही. आणि उद्यापासून दुपारी गोधड्या घालायला तूही बस. काय ठरतं ते कळव.

तुझी,
मोठी ताई