आजी हळदीकुंकवाला का गेली नाही?

मेलबर्न

प्रिय मुक्ता,

काल फोनवर तू विचारलंस, "शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं, सगळ्यांना वाण मिळालं, मग आजी घरीच का थांबली? भांडण झालंय का?" आजी बाजूलाच बसली होती, म्हणून आता लिहून सांगते.

भांडण नाही गं. हळदीकुंकू सवाष्णींचं, म्हणजे जिचा नवरा हयात आहे तिचं, अशी समजूत आहे. आजोबा गेल्यापासून आजीला कुणी बोलावत नाही. नौपाड्यातली आपली माणसं वाईट नाहीत. त्याच काकू आजीला डॉक्टरकडे नेतात, दुसऱ्या दिवशी आठवणीनं तिळगुळाचा डबाही आणून देतात. पण कुंकवाचा करंडा घेऊन तिच्यापुढे उभ्या राहणार नाहीत. "येऊ नका" असं तोंडानं कुणीच म्हणत नाही, मग भांडायचं कुणाशी?

आजोबा गेले तेव्हा मामानं तिच्या बांगड्या फोडू दिल्या नाहीत. पण संध्याकाळी तिनं आपणच टिकली काढली आणि बेसिनवरच्या आरशाला चिकटवली. दात घासताना पाहिली असशील. (मामेआजोबांची बायको गेली, तर पुढच्याच दिवाळीला ते नवा सदरा घालून ओवाळून घ्यायला बसले. त्यांना कुणी काही विचारलं नाही.)

पूर्वी तर याहून वाईट होतं. ब्राह्मणांत आणि आणखी काही जातींत नवरा गेला की बाईचं डोकं भादरत. लग्नं लहानपणीच व्हायची, त्यामुळे तुझ्याएवढ्या मुलीही सुटत नसत. 1856 मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला, तरी वस्तरा चालूच होता. मग 1890 मध्ये कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत न्हाव्यांची सभा घेतली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं न्हाव्यांनीच ठरवलं. मला हे फार आवडतं. शास्त्री-पंडितांचा वाद संपायची वाट कोण बघणार?

अलीकडे करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून ठेवलं की आपल्यामागे बायकोचं मंगळसूत्र काढायचं नाही, कुंकू पुसायचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 4 मे 2022 ला या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रकच ते, शिक्षा वगैरे काही नाही. शिवाय ठाण्यात ग्रामसभा कुठली? आपल्या सोसायटीची वार्षिक सभा पार्किंग आणि टँकरच्या पुढे सरकत नाही.

बाबा म्हणतात, हळदीकुंकूच बंद करा. मला नाही पटत. चार बायका नटूनथटून बसतात, हसतात, ते कशाला मोडायचं? आजीला त्यात घ्यावं, एवढंच.

शनिवारी मावशीकडे हळदीकुंकू आहे. जांभळी नाक्यावर वाण आणायला जाल तेव्हा आजीला बरोबर न्या, डब्या तिलाच निवडू देत. पहिलं कुंकू तिला लाव, असं मी मावशीला सांगितलंय. आधी तिला विचारा मात्र. नको म्हणाली तर हट्ट करू नकोस, आजवर तिच्यासाठी सगळं दुसऱ्यांनीच ठरवलंय. आणि एखाद्या काकू रागावून उठून गेल्याच, तर त्यांच्या वाटणीचं वाण तू घेऊन टाक.

तुझी,
आई