फ्रिजवरचं पाकीट

प्रिय चिऊ,

काल तू विचारलंस, "आजी जाताना फ्रिजवर ५० युरो का ठेवून गेली? ती काय हॉटेलात राहिली होती?" झोपायची वेळ झाली होती म्हणून मी टाळलं. आता मराठीत लिहितेय, अडलं तर विचार.

लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी आपल्याकडे जुनी रीत. लेक दिली की तिच्या सासरी आपला भार नको. नातवंड झालं की मग जेवायला हरकत नाही. आता फारसं कुणी पाळत नाही, आजी पाळते. तू झाल्यावरच ती पहिल्यांदा इथे आली. तरी व्हिसाचे ९० दिवस आपलं खाल्लेलं तिला पचत नाही, म्हणून पाकीट.

मला या रीतीचा राग येतो. कारण तिचंच दुसरं टोक म्हणजे आईबापांचं लेकानं बघायचं, लेकीनं नाही. आणि मला भाऊच नाही. आपल्या २००७च्या कायद्यात आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलीवरही आहे. आजीला ते वाचून दाखवलं, तर म्हणाली, "सरकारला काय कळतंय!"

बाबाशी लग्न ठरलं तेव्हा मी अविवाहित असल्याचे कागद जर्मनीत द्यायचे होते. परदेशी माणसानं आपल्या देशाचा 'लग्नाला हरकत नाही' असा दाखला आणायचा असतो. त्या दाखल्यातून इथल्या वरिष्ठ न्यायालयाचे अध्यक्ष या कागदांवरून सूट देतात, तेव्हा लग्न लागतं. आबांनी साताऱ्यात प्रतिज्ञापत्रावर झोकदार सही केली. कागद खरे आहेत का हे बघायला वकिलाचा माणूस घरी चौकशीला आला, तर आजीनं त्याच्यापुढे कांदेपोहे ठेवले. शेजारच्या काकूंना वाटलं, स्थळ आलं!

सूट सहाच महिने चालते. तिसऱ्या महिन्यात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. आजी फोनवर म्हणाली, "तू लग्न उरकून घे. तू आता तिकडची." ते 'तिकडची' इतकं लागलं, की मी दुसऱ्याच दिवशी विमानात बसले. खरं सांगू? आबांच्या काळजीइतकाच त्यात हट्टही होता.

आबांना डाव्या हातात चमचा धरायला शिकवायचे आणि रात्री गच्चीवर जाऊन बाबाला फोन. दोन महिने त्यानं समजून घेतलं, मग भांडला. "लग्न करायचंय की नाही, एकदाच सांग." त्याचं काय चुकलं? इकडे त्याची आई तारीख विचारत होती, तिकडे आबांना सोडून निघायचं म्हटलं की मी रडत होते. सूट संपली. कागद पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या प्रतिज्ञापत्रावर आबांनी अंगठा दिला. तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर सह्या केलेला मास्तर. शाईचा अंगठा बराच वेळ धोतराला पुसत राहिले, आणि मला म्हणाले, "आता जा."

पैसे आजीला परत द्यायचे नाहीत, ती दुखावेल. कपाटातल्या निळ्या डब्यात आधीचीही पाकिटं आहेत, मी एकालाही हात लावलेला नाही. रविवारी दोघी मिळून मोजू.

तुझी,
आई